सतरा सी चा कागद

मतमोजणीला उमेदवाराचा काउंटिंग एजंट म्हणून एकदाच बसलोय, जाळीच्या अलीकडे, मोबाईल बाहेर जमा, हातात पेन आणि फॉर्म १७सी च्या कॉप्या, म्हणजे कुठल्या बूथवर किती मतं पडली त्याचा हिशेब. खरं काम तेवढंच हो, ईव्हीएमच्या सीलचा नंबर बघायचा, तिच्या कंट्रोल युनिटवरची टोटल १७सी शी जुळवायची. आमच्यातले निम्मे चहा शोधत फिरत होते आणि संध्याकाळी तेच मशीनच्या नावाने बोंबलत होते!

बरं, ईव्हीएम सोडून कागदी मतपत्रिकेवर परत चला म्हणणाऱ्यांनी चंदीगड आठवा, २०२४ ची महापौर निवडणूक, मतं अवघी ३६, तरी अधिकाऱ्याने ८ मतपत्रिकांवर स्वतःच पेन चालवला, कॅमेऱ्यात सापडला म्हणून सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला. त्याच वर्षी लोकसभेला मुंबई वायव्यमध्ये विजयाचा फरक होता ४८ मतांचा. म्हणजे आमच्या चाळीचे दोन मजले, तेव्हा टोटल जुळवायचं काम नीट करा.