एक फूट वर

आमच्याकडे गॅरेज म्हटलं की लोकांना आधी मेकॅनिकचं दुकान आठवतं. त्यामुळे 'गाडी गॅरेजात आहे' असं सांगितलं की समोरचा लगेच काळजीने विचारतो, "काय झालं?" काही झालेलं नसतं. गाडी घरच्याच गॅरेजात असते. गोव्यात फोंड्याकडच्या आमच्या घराला ही खोली बाबांनी जोडली ती हौसेने नव्हे, माडांच्या धाकाने. अंगणात तीन माड, आणि नारळ उतरवणारा पाडेली सांगितल्या दिवशी येईल तर शपथ. एकदा नारळ बॉनेटवर पडला, आणि त्याच महिन्यात अंगणात चिरे येऊन पडले. भिंती झाल्या, लोखंडी शटर बसलं. पुढे २०१४ साली बाबांची पाठ धरली तेव्हा त्या शटरला मोटर आणि रिमोट आला.

यंदा जुलैत मोटर रुसली. रिमोट दाबला की 'गूंऽऽ' असा लांब हुंकार, शटर फूटभर वर, आणि तिथेच मुक्काम. पुन्हा दाबला की खाली. शेजाऱ्यांच्या मांजराला ती उंची अगदी बेताची होती. ते शेपटी उभारून आतबाहेर करी, आणि आमची गाडी आत कोंडलेली. तीन दिवस मी रेनकोट चढवून पायलटच्या मागे बसून ऑफिसला गेलो. (गोव्याबाहेरच्यांसाठी: हा पायलट विमान चालवत नाही, मोटरसायकलवर भाडं मारतो.)

लाइट गेली तर शटर हाताने उचलायची सोय असते. मोटरपासून एक दोरी लोंबते, ती ओढली की ब्रेक सुटतो. मी ओढली. शेजाऱ्यांना हाक मारली, दोघांनी मिळून शटरला हात घातले. गोदरेजचं भरलेलं कपाट उचलावं तसं ते जेमतेम हललं. शेजारी म्हणाले, "मोटर जाम झालीय, तीच धरून ठेवतेय." मलाही ते पटलं. घाम आलेल्या माणसाला पहिलं कारण लगेच पटतं.

मग एका दुकानातून माणूस आला. त्याने मोटरचा फोटो काढला, वर्ष विचारलं आणि मान हलवली. डॉक्टर एक्स-रे बघून हलवतात तशी. "साहेब, हे मॉडेल बंद झालं. पार्ट मिळणार नाहीत. आज दुरुस्त केलंत तर गणपतीत पुन्हा बोलवाल." नवीन मोटर फिटिंगसह एकोणीस हजार. वर नव्या यंत्राचे गुण: शटर खाली येताना मध्ये कोणी आलं तर थांबवणारा सेन्सर, आणि नकली रिमोट बनवता येणार नाही असा रिमोट. त्याचं बोलणं खोटं नव्हतं, एवढं मी त्याच्या बाजूने सांगतो. अमेरिकेत तर १९९३ पासून घरच्या गॅरेजच्या नव्या यंत्रांना असा आडवं आलेलं ओळखणारा बंदोबस्त सक्तीचा आहे, आणि तो मुलं दाराखाली सापडून दगावली म्हणून करावा लागला. आमच्या शटरला डोळे नव्हते. मांजराच्या त्या मजेतल्या फेऱ्या आठवून माझ्या पोटात कालवलं. चतुर्थी जवळ येत होती. गणपतीच्या वर फळाफुलांची जी माटोळी टांगतात तिचं सामान, म्हणजे नारळ, तोरिंगं, आंबाडे, सुपारीचे घोस, सगळं आणून आधी गॅरेजात पडतं. मी जवळजवळ हो म्हटलं.

आई म्हणाली, "मेस्ताला एकदा दाखव." मेस्त म्हणजे खरं तर सुतार, पण आमचा मेस्त लोखंडालाही लाकडाइतकाच ओळखतो. फोन केला. "फाल्यां येतां." फाल्यां म्हणजे उद्या असं कोशात असेल. मेस्ताच्या तोंडी ते कालाचं एक माप आहे, पळ आणि घटका यांच्यासारखं. चौथ्या फाल्यांला तो स्कूटरवरून आला, मागे एक पोरगा आणि पोराच्या मांडीवर पाईप पान्हा.

मोटरकडे त्याने पाहिलंदेखील नाही. दोरी ओढली, पोराला एका बाजूला घेतलं, दोघांनी शटर कमरेपर्यंत उचललं आणि हात सोडले. शटर धाडकन खाली आलं. भिंतीवरची पाल पळाली. मेस्त माझ्याकडे वळून म्हणाला, "मोटर बरी आसा. स्प्रिंग थकल्या."

मग त्याने जे सांगितलं ते मला दहाएक वर्षं त्या शटरखालून जाऊनही ठाऊक नव्हतं. शटर ज्या दांड्यावर गुंडाळलं जातं, त्या दांड्यात स्प्रिंगा असतात. खाली येताना त्या आवळतात, वर जाताना तेच बळ परत देतात. सगळं वजन त्यांच्यावर. नीट बसवलेलं शटर अर्ध्यावर सोडलं तर अर्ध्यावरच राहिलं पाहिजे, वर नाही की खाली नाही. मोटरचं काम फक्त हलकासा धक्का देण्याचं. अमेरिकेत सी. जी. जॉन्सन नावाच्या गृहस्थांनी १९२१ मध्ये वर उचलायचं गॅरेजचं दार काढलं आणि १९२६ मध्ये त्याला विजेचं यंत्र. पाच वर्षं तशी दारं माणसांच्या हातांनीच उचलली गेली. दार हाताला हलकं नसेल, तर मोटर लावून ते हलकं होत नाही, फक्त जड ओझं दुसऱ्याच्या पाठीवर जातं.

म्हणजे २०१४ सालीच स्प्रिंग ढिली पडलेली असणार. बाबा ते वजन पाठीवर घेत होते आणि आम्ही म्हणत होतो, वय झालं. त्यांच्यानंतर मोटरने घेतलं. तिचंही आम्ही वयच काढलं.

मेस्ताने स्टुलावर चढून मोटरचं झाकण काढलं. आत एक काळा डबा होता, कपॅसिटर, पंख्यात असतो तसाच पण थोराड. त्यावर १६ मायक्रोफॅरड छापलेलं. मीटर लावला तर ९. मोटरला सुरुवातीचा जो धक्का लागतो तो याच्याकडून मिळतो, तो पुरेना म्हणून हुंकार. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडणारा पाऊस आणि स्प्रिंगेचं ओझं, दोन्ही सोसून तो आटला होता. शटर ज्या पट्टीतून सरकतं तिच्यात कुंभारीण माशीने मातीची घरं बांधलेली होती, एकाला एक लागून, एखाद्या चाळीसारखी. पोराने ती स्क्रू ड्रायव्हरने काढली तेव्हा आतल्या अळ्या बघून आईने तोंड फिरवलं. स्प्रिंग आवळताना मात्र मेस्ताने आम्हाला दारापाशीही उभं राहू दिलं नाही. आवळलेली स्प्रिंग पान्ह्यातून निसटली तर हात मोडते, असं म्हणून त्याने डाव्या मनगटावरची जुनी खूण दाखवली.

दुरुस्ती की नवीन, हा प्रश्न मी आठवडाभर डोक्यात घेऊन फिरत होतो, आणि मेस्ताला तो प्रश्नच कळला नाही. "सगळें कित्याक बदलता?" लहानपणी दर मे महिन्यात आमच्या छपराचे नळे परतले जायचे. छप्पर दुरुस्त करायचं की नवीन घालायचं असं आजोबांनी कधी कुणाला विचारलेलं आठवत नाही. एकेक नळा खाली यायचा, बोटाने वाजवून बघायचा, चांगला तो परत वर, तडकलेला तुळशीच्या कडेला. मेस्तानेही शटर तसंच वाजवून पाहिलं. मोटर राहिली. कपॅसिटर गेला. रिमोटची पेटी नवी आली, कारण जुन्या रिमोटची नक्कल किल्ल्या करणारा कोणीही करून देई, आणि तो दुकानवाला त्याबाबतीत खरं बोलत होता. तिला दोन डोळेही जोडले, चौकटीच्या दोन्ही बाजूंना, वीतभर उंचीवर. मांजराने पहिल्याच दिवशी मध्ये बसून शटर थांबवून दाखवलं. सगळे मिळून साडेचार हजार. सरकारने २०२२ च्या डिसेंबरात ग्राहकांसाठी दुरुस्तीच्या हक्काचं एक पोर्टल काढलंय. ते मी मोबाइलवर उघडून बसलो होतो, तेवढ्यात मेस्त हात धुवायला पाणी मागू लागला.

जाताना पोराकडे त्याचा नंबर मागितला, पुढच्या वेळी थेट त्यालाच बोलवू म्हणून. तो लाजून म्हणाला, पोर्तुगीज पासपोर्टचं काम झालंय, पुढच्या वर्षी तो बाहेर असेल. मेस्त काही बोलला नाही. पान्हा पुसत राहिला.

परवा संध्याकाळी पाऊस कोसळत होता. मी गाडी दारात आणून रिमोट दाबला. काही नाही. पुन्हा दाबला, काच खाली करून हात बाहेर काढून दाबला, बाही कोपरापर्यंत भिजली. साडेचार हजार पाण्यात, असं म्हणतोय तोच शटर आवाज न करता वर सरकायला लागलं. आधी आईच्या चपला दिसल्या, मग लुगड्याचा काठ, मग शटरच्या कडेला टेकवलेली छत्रीची मूठ. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई एका हाताने शटर वर ढकलत होती. दुसऱ्या हातात मेणबत्ती होती. लाइट गेलीय, हे मला तेव्हा कळलं.