भुयार कुठल्या लेयरवर? : आमची वाटचाल

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान होतं. कोरोनात लग्नं थांबली आणि दुकान बसलं. त्याच दिवसांत पुण्याहून घरी आलेला माझा भाचा रोज रात्री दोस्तांसोबत लॅपटॉपवर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायचा. १९७४ साली अमेरिकेत कागद, पेन्सिल आणि फाशांवर सुरू झालेला हा खेळ. एक जण गेम मास्टर होऊन गोष्ट पुढे नेतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. ऑनलाइन खेळताना सगळ्यांसमोर नकाशा लागतो. भाचा म्हणाला, “मामा, तुमी एवढे फ्लेक्स बनवता, एक नकाशा करून द्या ना.”

मी आमच्याकडची गढी काढली. पांढऱ्या मातीच्या भिंती, चार बुरुज, ज्वारीचं पेव आणि पेवातून नाल्याकडे निघणारं भुयार. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून विचारून एकेक खोली बसवली. भाच्याच्या एका दोस्तानं तो नकाशा विकत घेतला, ती आमची पहिली कमाई. खेळ सुरू होऊन पाच मिनिटं झाली नसतील, भाच्यानं हाक मारली, “मामा, भुयार तर समद्यायले दिसून राह्यलं!” मी सगळं एकाच चित्रात सपाट करून पाठवलं होतं. त्या पोरानं आठवडे घालवून रचलेली गोष्ट तिथंच फुटली. पैसे मी परत केले, पण ती रात्र अजून टोचते.

फ्लेक्सच्या कामात लेयर, म्हणजे चित्राचे थर, रोजचेच होते. पण तिथं शेवटी सगळे एकावर एक छापायचे असतात. इथं कोणता लेयर कोणाला दिसणार, यावरच सगळा खेळ. रोल२० या असे खेळ ऑनलाइन खेळायच्या साइटवर जमीन आणि भिंतींचं चित्र तळाच्या मॅप लेयरवर ठेवतात, म्हणजे टोकन (पात्राची सोंगटी) ओढताना ते हलत नाही. पात्रांची टोकनं त्याच्या वरच्या लेयरवर. भुयार, सापळे, दडून बसलेले शत्रू जीएम लेयरवर, तो फक्त गेम मास्टरला दिसतो. प्रकाशासाठी वेगळा लेयर असतो, त्यावर भिंतींच्या रेघा मारल्या की पात्राची नजर तिथं अडते.

या रेघांनीच आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं. पुढे आम्ही चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाचा नकाशा केला. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतलेला, बाहेरचा कोट आणि आतला कोट असलेला किल्ला. कड्यावरून कुणी खाली जाऊ नये म्हणून आम्ही काठानं भिंतीची रेघ ओढली. झालं काय, तर कड्यावर उभ्या खेळाडूला समोर नुसता काळोख! चिखलदऱ्याला गेलेल्या कुणालाही विचारा, त्या काठावरून दरी किती खोलवर दिसते. फाउंड्री या रोल२० सारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी अदृश्य भिंत आहे, ती पाय अडवते पण नजर अडवत नाही. अख्खा काठ आम्ही पुन्हा आखला. दोन दिवस गेले, पण दरी उघडी झाली.

नकाशावरच्या चौकटींचंही तसंच. एक चौकट म्हणजे पाच फूट. फाउंड्रीत ती मुळात १०० पिक्सेलची, रोल२० वर ७० ची. म्हणून ४० बाय ३० चौकटींचा नकाशा एकीकडे ४०००×३०००, तर दुसरीकडे २८००×२१००. हे जुळलं नाही तर टोकन अर्धं भिंतीत घुसतं. आम्ही दोन्ही फाईली देतो.

आज आम्ही तिघं आहोत: मी, भाचा आणि पत्रिकांच्या वेळेपासून डीटीपी करणारी गावातलीच एक पोरगी. उन्हाळ्यात लाइन जाते, म्हणून मोठ्या फाईली रात्री चढवतो. नकाशा पाठवण्याआधी ती पोरगी खेळाडू म्हणून वेगळ्या खात्यातून आत शिरते, टोकन खोली-खोलीतून फिरवते आणि शेवटी पेवाच्या तोंडावर नेऊन उभं करते. तिला तिथं फक्त दगड दिसला, की मगच फाईल जाते.