शिकारी शंभूचे डोळे

रविवार, रात्री साडेदहा

सकाळी रद्दी घालायला गेलो आणि सव्वा किलो रद्दी घेऊन घरी आलो. बायकोनं पिशवीत डोकावून विचारलं, "घालायला गेलते का आणायला?" काय सांगणार! माझे पेपर काट्यावर चढले होते, तेवढ्यात शेजारच्या गठ्ठ्यातून एक टोपी दिसली. अपेक्षित प्रश्नसंच, कुठल्याशा पतसंस्थेचे अहवाल, आणि मधे दाबून बसलेला शिकारी शंभू. सगळी कॉमिक्स: जुने टिंकल सहा, अमर चित्र कथा चार आणि इंद्रजालचा एक अंक, तोही अर्ध्या मुखपृष्ठाचा.

"सर, हे लेकराबाळांचं हाय, तुम्ही कशाला घ्यायलाव?" दुकानदार म्हणाला आणि रद्दीच्याच भावानं देऊन टाकलं. मोंढ्यात पडत्या भावानं सोयाबीन उचलणाऱ्या व्यापाऱ्यासारखं वाटलं मला. पण उचललं.

दुपारभर तेच बघत बसलो. लहानपणी डोळे गोष्टीमागं पळायचे. पंचवीस वर्षं चित्रकला शिकवल्यावर आता रेषेवर अडकतात.

टिंकलमधल्या शंभूचंच घ्या. टोपी नाकापर्यंत ओढलेली, डोळे कधी दिसतच नाहीत. पोरांना मी सांगत आलो की भाव आधी डोळ्यांत आणि भुवयांत आणायचा. आणि इथं वसंत हळबे यांनी सगळ्यात भित्रा शिकारी डोळे-भुवया झाकून काढलाय. मग भीती ठेवली कुठं? भिंग घेऊन पाहिलं. मिशीत, गुडघ्यांत, बंदूक धरलेल्या हाताच्या कोपरात. एका चौकटीत वाघ मागं उभा आहे आणि शंभूला पत्ता नाही. पुढच्या चौकटीत पत्ता लागलाय. चेहरा जवळजवळ तोच. मिशीची टोकं तेवढी फिरलीत आणि पाय जमिनीपासून बोटभर वर गेलेत. खाली सावली मात्र होती तिथंच, ब्रशचा एक आडवा फराटा. त्या फराट्यामुळं माणूस हवेत आहे हे कळतं. मी तो फराटा चारदा मारून बघितला. चारही वेळा शंभू चिखलात उभा राहिला.

शंभू सगळ्यांना माहीत आहे. हळबे म्हणालो तर आमच्या स्टाफरूममध्ये कुणी चहावरून मान वर करणार नाही.

टिंकलमधल्याच भोळसट सुपंडीचं तसंच. तिरुचिरापल्लीच्या एका वाचकानं पाठवलेल्या गोष्टींवरून तो १९८३ मध्ये टिंकलमध्ये आला, पण ते अफाट डोकं त्याला दिलं राम वाईरकर यांनी. अमर चित्र कथेचा 'कृष्ण'ही त्यांचाच. आधीचे दहा अंक परदेशी परीकथांचे होते. अकराव्याला कृष्ण आला आणि मालिकेची गाडी रुळावर आली. एकाच हातातून कृष्णही उतरला आणि सुपंडीही! त्यांच्यानंतर सुपंडी त्यांच्या मुलीनं, अर्चना आंबेरकर यांनी काढला. गाण्यात याला आपण घराणं म्हणतो.

आता माझीच लाज सांगतो. गठ्ठ्यात 'शिवाजी' निघाला. पाचवीत हा अंक मी इतक्यांदा वाचला होता की पानं सुटी झाली. लेखन भा. रा. भागवत, चित्रं प्रताप मुळीक. भागवत म्हणजे फास्टर फेणेवाले, हे तेव्हाही माहीत होतं. मुळीक हे नाव नजरेखालून गेलं ते गेलंच. पुढं एसटी स्टँडजवळच्या टपरीवर आठ आणे रोजानं नागराज मिळायचा, हिंदीत. टपरीवाला पानं मोजून द्यायचा आणि मोजून घ्यायचा. अमिताभला नायक करून काढलेला 'सुप्रीमो'ही तिथंच पाहिला. मग एटीडीला, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या पदविकेला असताना ज्योत्स्ना प्रकाशनाचं स्केचिंगचं पुस्तक वर्षभर उशाशी घेऊन झोपलो. शिवाजी, नागराज, सुप्रीमो आणि ते पुस्तक, चारी ठिकाणी तोच माणूस आहे हे मला नोकरी लागल्यावर कळलं. तेही योगायोगानं. घोड्याच्या पुढच्या पायाचा सांधा पुस्तकात बघत होतो आणि एकदम वाटलं, हा पाय आपण कुठंतरी बघितलाय.

नागराजच्या अंकांत आणखी नावं असायची: चंदू, मिलिंद मिसाळ, विठ्ठल कांबळे. दिल्लीचं प्रकाशन, हिंदी कॉमिक्स, आणि नावं अशी की आमच्या आठवी ब च्या हजेरीत खपून जावीत. पान उलटताना आमचा अंगठा नेमका त्यांच्यावरच असायचा बहुतेक. शाई भरणाऱ्याचं नाव वाचायचं असतं, हे सांगणारं तरी कोण होतं?

इंद्रजालच्या फाटक्या मुखपृष्ठावर वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, अर्धाच उरलाय. आत परदेशी पट्ट्या असत, मुखपृष्ठं मात्र इथल्या बी. गोविंद यांची. केशरी कुडता आणि जीन्सवाला बहादूर आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये लिहायला घेतला, तोही गोविंद यांनीच काढला. पैसे देऊन अंक घेतला तो मुखपृष्ठ बघून, एवढं मान्य करायला हरकत नाही.

एका माणसाला उशिरा का होईना, मिळालं. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला चांदोबातला विक्रम ज्यांनी काढला, ते शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन. २०२० मध्ये गेले आणि २०२१ मध्ये पद्मश्री. पोस्टमननं घर बंद बघून पत्र फटीतून सरकवावं, तसं.

झोप येत नाही. दरवर्षी सहलीला पोरांना वेरूळला नेतो. कैलास लेण्याच्या दक्षिणेच्या भिंतीवर रामायण कोरलंय, उत्तरेला महाभारत, पट्ट्यांवर पट्टे. मी सांगतो, हे कॉमिक्स आहे, डोळे ओळीनं फिरवा. पोरं लगेच माकडं मोजायला लागतात. बडोद्याच्या एका ताम्रपटात या देवळाची गोष्ट आहे. ज्यानं ते घडवलं तोच थक्क झाला, हे मी केलं कसं, पुन्हा जमायचं नाही, असं म्हणाला. त्याचं म्हणणं ताम्रपटात आलं, नाव नाही. नाव ठेवलं ते लोककथेनं: पैठणचा कोकस. खरं-खोटं देव जाणे, पण पैठणकडच्या लोकांनी कोऱ्या जागी एक नाव तरी भरलं.

बुधवार

आठवी ब ला शंभूचं पान फळ्याला टाचण्यांनी लावलं. म्हटलं, घाबरलेला माणूस काढा, डोळे काढायचे नाहीत. अर्ध्या वर्गानं घामाचे थेंब काढले, एवढे की माणूस पावसात उभा आहे असं वाटावं. एकानं काळा चष्मा घातला. हुशार आहे, पुढं पुढारी होईल.

मागच्या बाकावरच्या एका पोरीनं माणूस काढलाच नव्हता. वाट, वाटेवर एक उलटी पडलेली चप्पल, आणि दूर बाभळीआड अर्धी दिसणारी दुसरी. मी बराच वेळ कागद हातात धरून उभा राहिलो. मग म्हणालो, "खाली उजव्या कोपऱ्यात सही कर बाई."

तिनं पेन्सिलीला टोक काढलं आणि नीट अक्षरात लिहिलं: रोल नं. ३२.

"नाव लिही की गं."

"तुम्हीच सांगितलंय ना सर," ती म्हणाली, "एलिमेंटरीच्या परीक्षेला नाव लिहिलं की पेपर बाद होतो."