आंबोलीच्या रानातले लाल पक्षी

आंबोलीला पहिल्यांदा गेलो तेव्हा वहीत मी ‘लाल पक्षी, झाडाच्या शेंड्यावर’ एवढीच नोंद केली होती आणि घरी येऊन पुस्तक उघडल्यावर तिच्यात बसतील असे दोन-तीन पक्षी सापडले. तेव्हापासून लाल काही दिसले की तो रंग अंगावर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे मी आधी पाहतो.

शेंड्यावरचा तो बहुधा निखार असावा. नारिंगी निखाराच्या नराचे डोके, गळा आणि पाठ काळीभोर असते व छातीपासून खाली तो शेंदरी लाल असतो. छोट्या निखाराचे डोके मात्र राखाडी असते आणि छातीवरचा नारिंगी रंग पोटाकडे फिकट होत जातो. थव्यात सोबत पिवळे पक्षी असतील तर ती वेगळी जात समजू नये, त्या माद्या असतात. जुन्या पुस्तकांत सह्याद्रीतला हा मोठा निखार हिमालयातल्या लाल निखाराबरोबर एकाच जातीत घातलेला आढळतो, त्यामुळे नावांचा घोळ होतो.

खरी परीक्षा मलबारी कर्णा घेतो. एका सकाळी पायवाटेलगतच्या आडव्या फांदीवर, पंधरा फुटांवर, तो आमच्याकडे पाठ करून खांदे पाडून बसला होता. पाठ पिवळसर तपकिरी, पंखांवर काळ्या-पांढऱ्या बारीक रेघा, लांब शेपटी टोकाशी सरळ कापल्यासारखी. लाल रंगाचा कुठे मागमूस नव्हता. बराच वेळ तो हललाच नाही. मग एका किड्यामागे झेपावून परत फांदीवर वळून बसला, तेव्हा काळी छाती, तिच्याखालची पांढरी पट्टी आणि गुलाबी झाक असलेले लालभडक पोट एकदम समोर आले. दाट झाडीतल्या अंधुक उजेडात लाल रंग सगळ्यांत आधी काळवंडतो, म्हणून कर्णा ओळखायचा तो बसण्याच्या ढबीवरून आणि शेपटीवरून, असे माझे मत आहे. त्याच्या मादीच्या अंगावर लाल रंग नसतोच. तिचे पोट पिवळट तपकिरी असते.

स्वर्गीय नर्तकाची मादी आणि तरुण नर यांना पुष्कळजण लाल म्हणतात, पण तो रंग विटकरी आहे.

शिंजिरांकडे मात्र सावकाश पाहावे. निलगिरीच्या उत्तरेला फक्त पश्चिम घाटातच आढळणाऱ्या विगोरच्या शिंजिराच्या नराची पाठ आणि छाती लाल असते व छातीवर पिवळ्या बारीक रेघा असतात. त्याहून चिमुकल्या, किरमिजी पाठीच्या शिंजिराचे पोट पिवळे असते. या दुसऱ्याची मादी मळकट हिरवी दिसते, पण फुलावरून फुलावर उडताना तिच्या कमरेवरचा लाल ठिपका क्षणभर चमकतो आणि तो दिसेपर्यंत मी वहीत तिचे नाव लिहीत नाही.