चूक नसलेले वाक्य

हळद आणि बेदाणा परदेशी पाठवणाऱ्या सांगलीतील काही व्यापाऱ्यांची इंग्रजी कागदपत्रे व पत्रव्यवहार मी सांभाळते. बाहेरच्यांना हे टायपिंगचे काम वाटते. वास्तविक एलसीच्या, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने पैशांची हमी देणाऱ्या ‘लेटर ऑफ क्रेडिट’च्या व्यवहारात बँक माल पाहतच नाही, फक्त कागद पाहते, आणि त्या कागदावरील शब्दांचे अर्थ आपल्या मनाने लावायची मुभा कोणालाच नसते. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे यूसीपी ६०० हे नियम १ जुलै २००७ पासून लागू आहेत आणि त्यांत शाळकरी मुलालाही ठाऊक असलेले इंग्रजी शब्द कायद्यासारखे बांधून दिलेले आहेत. वजनाच्या आकड्यापूर्वी ‘अबाउट’ असेल तर दहा टक्के कमी-जास्त चालते. ‘फ्रॉम’ हा शब्द माल रवाना करण्याच्या मुदतीसाठी आला तर त्याच्यापुढे लिहिलेली तारीखही मुदतीत धरली जाते, हुंडीची मुदत मोजण्यासाठी आला तर तीच तारीख वगळली जाते. ‘इमिजिएटली’ आणि ‘अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल’ हे आपल्या व्यापाऱ्यांचे लाडके शब्द बँका विचारातच घेत नाहीत.

याच क्षेत्रातील दुसरी गोष्ट ऐकून लोकांना आश्चर्य वाटते. कागद तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रथांनुसार, ज्या स्पेलिंगच्या चुकीने अर्थ बदलत नाही त्या चुकीसाठी कागद नाकारता येत नाही. ‘मशीन’ चुकीचे लिहिले तरी चालते. मॉडेलचा क्रमांक १२३ ऐवजी ३२१ पडला तर चालत नाही. म्हणजे ज्या चुकांना आपल्याकडे सर्वांत जास्त हसले जाते, त्या व्यवहारात बहुधा निरुपद्रवी असतात. ‘डिड नॉट वेंट’, ‘रिटर्न बॅक’, ‘डिस्कस अबाउट’, ‘वन ऑफ माय फ्रेंड’ यांपैकी कशानेही कोणाचे पैसे बुडाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ‘वी विल सेंड द सॅम्पल टिल फ्रायडे’ असे वाक्य आमच्याकडून हमखास जाते, कारण आपल्या ‘पर्यंत’साठी इंग्रजीत ‘टिल’ आणि ‘बाय’ असे दोन वेगळे शब्द लागतात हे कोणी शिकवलेले नसते. परंतु ते वाचणारा अडखळतो, उलट विचारतो आणि प्रश्न तेथेच मिटतो. मला भीती वाटते ती वाचणारा जेथे अडखळत नाही त्या वाक्याची, आणि तसे एक वाक्य गेल्या परतीच्या पावसात कुपवाडच्या एका गोडाऊनमधून डब्लिनला गेले.

त्या संध्याकाळी राजापुरी हळकुंडांचा कंटेनर भरला जात होता. हळदीचा कंटेनर भरणे हे निगुतीचे काम आहे. आतून क्राफ्ट पेपर लावायचा, छताखाली ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगायच्या, पोती पत्र्याला टेकू द्यायची नाहीत, कारण समुद्रावर दिवसा तापलेला आणि रात्री गार झालेला कंटेनर आतून घामाघूम होतो आणि ते पाणी थेंबाथेंबाने पोत्यांवर उतरते. हे सारे या पेढीवर काटेकोर होते. अडचण आली ती टेम्पो आणि कंटेनर यांच्यामधल्या काही हातांच्या उघड्या जागेत. सर आली, ताडपत्री सरकली, हमालांनी पोती घाईने आत टाकली. भिजलेली दिसली ती पोती कारकुनाने बाजूला काढून बदलली, तरी दाराजवळच्या थरात आणखी काही ओलसर असावीत असे त्याला वाटत राहिले. मालक मुंबईला होते, गाडी न्हावा शेव्याला वेळेत पोहोचायची होती, सील लागले. तासगाव भागातून येणारा, एम.कॉम. झालेला हा मुलगा. त्याने घरी जाण्यापूर्वी कोणी न सांगता खरेदीदाराला मेल पाठवला: ‘वी डाउट दॅट सम बॅग्ज हॅव गॉट वेट ड्युरिंग लोडिंग. प्लीज चेक अ‍ॅट युवर एंड अँड डू द नीडफुल.’

माल पोहोचला. खरेदीदाराने तो न उघडता तीन आठवडे गोदामात ठेवला. उघडला तेव्हा दाराकडच्या थरातून बुरशी पुढे पसरलेली होती. हळदीत अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाचा बी१ हा प्रकार किलोमागे ५ मायक्रोग्रॅमपेक्षा आणि एकूण अफ्लाटॉक्सिन १० पेक्षा जास्त असता कामा नये हा युरोपीय संघाचा नियम आहे, आणि त्या पोत्यांचा नमुना त्यात बसला नाही. संपूर्ण मालाच्या किमतीत मोठी वजावट मागणारे पत्र आले. त्यातले एक वाक्य मालकांच्या जिव्हारी लागले होते: माल कोरडा असल्याची ग्वाही तुम्ही स्वतः लेखी दिली होती.

मला मार्केट यार्डातील पेढीवर बोलावले गेले तेव्हा मालक संतापाने फेऱ्या मारत होते. ‘‘मॅडम, आम्ही अगोदर कळवले होते. लेखी आहे. आणि हे लोक म्हणतात ग्वाही दिली!’’ त्यांच्या मेहुण्यांनी तो मेल विश्रामबागेतील एका इंग्रजी क्लासच्या सरांना दाखवून आणला होता, आणि सरांनी वाक्यात चूक नसल्याचा निर्वाळा दिला होता. संगणकावरील व्याकरण तपासनीसानेही त्यावर एकही लाल रेघ ओढलेली नव्हती. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते, कारण कर्ता, क्रियापद, काळ सारे जागच्या जागी होते.

मी कारकुनाला विचारले, ‘‘तुला काय म्हणायचे होते?’’

‘‘मॅडम, पोती भिजली असावीत अशी शंका आहे. तेच लिहिले. डाउट म्हणजे शंकाच ना?’’

शब्दकोशात तसेच आहे. मराठीत मात्र शंका दोन्ही दिशांनी चालते. ‘तो येईल याची शंका आहे’ म्हटले की तो बहुधा येणार नाही, आणि ‘त्यानेच पैसे घेतले अशी शंका आहे’ म्हटले की बहुधा त्यानेच घेतले. ‘याची’ आणि ‘अशी’ एवढ्या फरकावर आपण विनासायास दिशा बदलतो. ‘आय डाउट दॅट’ आजच्या प्रमाण इंग्रजीत एकाच दिशेने चालते: पुढे जे सांगितले आहे ते खरे असेल असे मला वाटत नाही. त्यामुळे डब्लिनच्या माणसाने वाचले ते असे, की भरताना पोती भिजली असतील असे आम्हांला वाटत नाही. तेथे ‘सस्पेक्ट’ किंवा ‘फिअर’ हवे होते. अगदी साधे ‘सम बॅग्ज मे बी वेट’ लिहिले असते तरी कंटेनर पोहोचला त्याच दिवशी उघडला गेला असता.

मालकांना स्पष्टीकरणात ‘आमच्या नोकराचे इंग्रजी कच्चे आहे’ असे लिहायचे होते. मी ते लिहायला नकार दिला. एक तर ते त्या मुलावर अन्याय करणारे होते, आणि दुसरे असे, की रंगानुसार हळद निवडणाऱ्या यंत्रावर लाखो रुपये घालून पत्रव्यवहार सर्वांत कमी पगाराच्या माणसावर सोडणाऱ्या पेढीने इंग्रजीचा दोष खाली ढकलावा हे मला पटणारे नव्हते. हे दुसरे मी त्यांना बोलून दाखवले नाही.

माझ्या हाती दोन पुरावे होते. पहिला व्याकरणाचा, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो. खरोखर अविश्वास दाखवायचा असता तर इंग्रजीत ‘डाउट’च्या मागोमाग सहसा ‘एनी बॅग्ज’ आले असते. मुलाने ‘सम बॅग्ज’ लिहिले होते, म्हणजे काही पोती नक्की भिजली आहेत हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर होते. दुसरा पुरावा पुढच्या वाक्याचा होता: माल कोरडा आहे अशी खात्री असणारा माणूस ‘तपासून घ्या’ असे कशाला लिहील? त्यांच्या जोडीला मुलाने फोनवर काढलेले सरकलेल्या ताडपत्रीचे, वेळ नोंदलेले छायाचित्र लावले आणि तीन परिच्छेदांचे पत्र पाठवले.

उत्तर शिष्टपणे आले, पण त्यातील खुलाशाने मी अस्वस्थ झाले. ‘सम’ त्यांच्या लक्षात आला होता. परंतु भारतातून येणाऱ्या पत्रांत अशा लहान चुका असतातच, आपण त्या मनातल्या मनात दुरुस्त करून वाचतो, तसे त्यांनी ‘एनी’ वाचले होते. आणि ‘चेक अ‍ॅट युवर एंड’, ‘डू द नीडफुल’ ही वाक्ये तर सगळ्याच मेलच्या शेवटी असतात, त्यामुळे त्यांचे डोळे तेथवर पोहोचतच नाहीत. आमच्या चुका उदार मनाने समजून घेण्याच्या सवयीनेच त्यांनी एकमेव बरोबर खूण पुसून टाकली होती. आणि त्या ‘नीडफुल’ने आपल्याकडच्या कचेऱ्यांनी स्वतःच्या पत्रांचा शेवट किती निरर्थक करून ठेवला आहे, हे एखाद्या परक्या माणसाने इतक्या सौम्य शब्दांत सांगावे, याची लाज वाटली.

पुढे घासाघीस होऊन वजावट मूळ मागणीच्या निम्म्याहून खाली आली. मालक खूश झाले. मी तेवढी झाले नाही, कारण माझे पत्र खरे होते म्हणून मान्य झाले की चांगल्या इंग्रजीत होते म्हणून, हे मला ठरवता येत नाही. तो मुलगाही खरेच सांगत होता, आणि वेळेवर सांगत होता.

नंतर मोठ्या कोशात चाळताना आणखी एक गोष्ट सापडली. जुन्या इंग्रजीत ‘डाउट’ हा भीती वा संशय व्यक्त करण्यासाठी, म्हणजे नेमका आमच्या कारकुनाच्या अर्थाने वापरला जात असे, आणि स्कॉटलंडमध्ये तो अजूनही तसा बोलला जातो. तेथे ‘आय डाउट इट विल रेन’ म्हणजे पाऊस येणार असे वाटते. तो कंटेनर डब्लिनऐवजी ग्लासगोला गेला असता तर कदाचित कोणी थबकून विचारले असते. हे मी पत्रात घातले नव्हते आणि मालकांना सांगितलेलेही नाही. त्यांनी पुढचा माल स्कॉटलंडलाच विकण्याचा विचार केला असता.

मला खरी बोच आहे ती नंतरच्या घडामोडींची. आता पेढीचा नियम झाला आहे की खरेदीदाराने विचारल्याखेरीज कोणीही काही लिहायचे नाही. मुलगाही मन लावून तो पाळतो. अलीकडे एका कंटेनरच्या फळ्यांना जुन्या मालाचा उग्र वास येत होता, तो त्याने मालकांना फोनवर सांगितला, लिहिला कोठेच नाही. मी कारण विचारले तेव्हा म्हणाला, ‘‘लिहिले नसते तर ग्वाही दिली असे तरी कोणी म्हणाले नसते, मॅडम.’’ याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हते. मी त्याला पाच-सहा साधी, दुसरा अर्थ न निघणारी वाक्ये लिहून दिली आहेत आणि ती त्याने वहीत उतरवून घेतली आहेत. मालकांचे म्हणणे असे, की असे काही असले तर त्याने आधी मॅडमना फोन करावा आणि मेल मीच लिहावा. रात्री नऊनंतर मी फोन घेत नाही हे त्यांना ठाऊक आहे, आणि कंटेनर बहुधा रात्रीच भरले जातात.