सिटी सायकलिंग: गियर मुठीत हवेत की अंगठ्याखाली?

सायकल घेताना लोक गियर किती आहेत विचारतात, डिस्क ब्रेक आहे का विचारतात, फ्रेम स्टीलची की अ‍ॅल्युमिनियमची तेही विचारतात, पण गियर बदलायचा कशाने हे फार कमी जण बघतात. आणि शहरात रोज चालवायला लागलं की ब्रेकखालोखाल हात सारखा जातो तो तिथेच. मोकळ्या रस्त्यावर एकदा गियर लावला की बराच वेळ तसाच चालतो, शहरात मात्र सिग्नल, वळण, समोर अचानक थांबलेली गाडी, स्पीड ब्रेकर, पुलाचा चढ, लगेच पुलाचा उतार, असं वरखाली चालूच असतं. त्यामुळे शिफ्टर, म्हणजे गियर बदलायचं साधन, कुठला हा मला तरी किरकोळ प्रश्न वाटत नाही.

दोनच मुख्य प्रकार बघू. एक मूठ फिरवायचा, म्हणजे ट्विस्ट शिफ्टर, ज्याला बरेच जण सरसकट ग्रिप शिफ्ट म्हणतात. हँडलच्या मुठीचा आतल्या बाजूचा तुकडा गोल फिरतो, टक टक आवाज येतो आणि गियर बदलतो. जुन्या गियरवाल्या स्कूटरला डाव्या मुठीत गियर असायचे, साधारण तसंच, फक्त इथे क्लच नाही. दुसरा ट्रिगर, म्हणजे हँडलच्या खाली दोन छोटे लिव्हर, एक अंगठ्याने ढकलायचा आणि दुसरा तर्जनीने ओढायचा किंवा काही मॉडेलमध्ये तोही अंगठ्यानेच दाबायचा. ग्रिप शिफ्ट हे नाव स्रॅमचं. ती कंपनी १९८७ साली शिकागोत सुरू झाली आणि १९८८ मध्ये तिने बाजारात आणलेली पहिली वस्तू हीच फिरणारी मूठ होती. शिमानोचे रॅपिडफायर ट्रिगर साधारण त्याच सुमाराचे, १९९० च्या आसपासचे. पुढे दोन्ही कंपन्यांनी दोन्ही प्रकार बनवले त्यामुळे आता कंपनी बघून काही ठरत नाही.

आता माझं मत आधीच सांगते आणि मग कारणं. डिरेलरवाली सायकल असेल, म्हणजे मागे उघड्या चक्र्या आणि डिरेलरने ढकललं की चेन एकीवरून दुसरीवर उडी मारते तशी, तर शहरासाठी ट्रिगर घ्या. गियर मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्याच्या, आत बंद असतील तर फिरणारी मूठ बिनधास्त घ्या.

ट्रिगरचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ब्रेक. शहरात गियर उतरवायची वेळ आणि ब्रेक दाबायची वेळ जवळजवळ नेहमी एकच असते. समोर सिग्नल लाल झाला, आपण ब्रेक दाबतोय, आणि त्याच दोन-तीन सेकंदात हलका गियर टाकून ठेवायचाय, कारण हिरवा झाल्यावर जड गियरवर सायकल उचलताना गुडघ्यांवर जोर येतो, सायकल डगमगते आणि मागून गाड्या अंगावर येतात. ट्रिगर असेल तर बोटं ब्रेक लिव्हरवर आणि अंगठा खाली मोकळा, दोन्ही कामं एकदम होतात आणि एकाचा दुसऱ्याला अडथळा नाही. मूठ फिरवायची असेल तर तळहात आणि मनगट दोन्ही वळवावं लागतं, मग त्या हाताच्या बोटांचा ब्रेकवरचा दाब बदलतो, कधी सैल पडतो तर कधी जास्त बसतो. सवयीने जमतं, नाही असं नाही, पण ओल्या रस्त्यावर ब्रेकचा दाब अगदी हळू कमीजास्त करायचा असतो तेव्हा हाताने दुसरं काही करत बसू नये असं मला मनापासून वाटतं.

ट्विस्टवाले यावर हमखास एक गोष्ट सांगतात आणि ती खरी आहे, की मूठ एका झटक्यात सातव्यावरून दुसऱ्यावर आणता येते, ट्रिगरला मात्र एकेक दाबत बसावं लागतं. पण हे अर्धंच खरं. बहुतेक ट्रिगरमध्ये अंगठ्याचा मोठा लिव्हर हा केबल ओढणारा असतो, म्हणजे मागे मोठ्या चक्रीकडे, हलक्या गियरकडे नेणारा, आणि तो लांबपर्यंत ढकलला की एकदम दोन-तीन गियर जातात. एकेक करून जाणारा असतो तो दुसरा, केबल सोडणारा लिव्हर, म्हणजे जड गियरकडे नेणारा. आता बघा, थांबताना आपल्याला हलका गियर पटकन हवा असतो आणि निघाल्यावर वेग धरताना जड गियर एकेक करूनच हवे असतात. म्हणजे शहरातल्या गरजेच्या दिशेनेच ट्रिगर बनलेला आहे. थांबताना अंगठ्याचा एक लांब धक्का, किंवा दोन, काम झालं.

शिवाय डिरेलरचा स्वभाव लक्षात घ्या. मूठ कितीही पटकन फिरवली तरी चेन काही लगेच तिथे पोचत नाही, पेडल फिरत असतील तरच ती सरकते. उभं राहून मूठ फिरवून ठेवली तर केबल ताणलेली राहते आणि निघताना पहिल्या जोरातच चेन खाडखाड करत दोन-तीन चक्र्या ओलांडायला जाते, नेमकं तेव्हाच आपण सगळं वजन पेडलवर टाकलेलं असतं. चेनला, चक्रीच्या दातांना आणि आपल्या तोलालाही हे वाईट. ट्रिगरनेही उभ्याने गियर टाकता येतो आणि परिणाम तोच होतो, पण मुठीत मोठी उडी मारणं इतकं सोपं असतं की हात आपोआप ते करून मोकळा होतो. म्हणून कुठलाही शिफ्टर असो, डिरेलरवर गियर थांबायच्या आधी, पेडल हलक्या जोराने फिरत असतानाच उतरवायचा.

हबच्या आत गियर असलेल्या सायकलीला ही सगळी कटकट नाही, आणि इथे फिरणारी मूठ मला सगळ्यात जास्त आवडते. शिमानोचे नेक्सस सात आणि आठ गियरचे हब, किंवा स्टर्मी-आर्चरचे तीन गियरवाले, यांच्यात सिग्नलला पूर्ण थांबल्यावर, पेडल न फिरवता गियर बदलता येतो. मग ब्रेक आणि गियर एकाच क्षणी करायची गरजच संपते. आधी नीट थांबा, पाय टेका, मूठ फिरवून दुसऱ्या गियरवर आणा, आरामात निघा. मुठीवर एक ते आठ आकडे समोर दिसतात, नवशिक्यालाही पुढचा गियर कुठे म्हणून शोधावं लागत नाही. रोलॉफचा चौदा गियरचा हब तर मूळचा मुठीवरच चालतो, आणि चौदा गियर एका मुठीत असले की एकदम चार-पाच ओलांडणं किती सोयीचं असेल ते कळतंच. एकच लक्षात ठेवा, हबमध्येही जोर लावून पेडल मारत असताना गियर बदलायचा नाही, क्षणभर पाय सैल सोडायचा.

हँडलचा आकारही बघायला हवा आणि हे दुकानात कोणी सांगत नाही. मागे वळलेलं, ताठ बसून चालवायचं हँडल असेल तर मनगट आधीच आरामात असतं, अशा हँडलवर फिरणारी मूठ छान बसते आणि ट्रिगरचे लिव्हर मात्र कधीकधी विचित्र कोनात येतात, अंगठा वाकडा करावा लागतो. सरळ हँडलवर उलट. सरळ हँडलवर पुढे झुकून बसल्यावर मनगटावर वजन येतं आणि त्याच मनगटाने वळवायचं म्हणजे रोजच्या प्रवासात ते जाणवतं. शिवाय चढावर उभं राहून हँडल ओढत पेडल मारायची सवय असेल तर फिरणारी मूठ नको तेव्हा सरकू शकते, ऐन चढात गियर बदलणं म्हणजे तोल जायचीच भीती.

हाताचा प्रश्न प्रत्येकाचा वेगळा. अंगठ्याच्या सांध्यात दुखणं असेल तर स्वस्त ट्रिगरचा कडक लिव्हर दिवसभरात शंभरदा ढकलणं नको वाटेल, त्यांनी मूठच घ्यावी, ब्रेकचं माझं म्हणणं बाजूला ठेवून. मनगट दुखत असेल किंवा पकड कमी असेल तर ट्रिगर. तळहाताला घाम फार येतो, पाऊस आहे, तर मूठ निसटते, विशेषतः रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तेव्हा. जाड ग्लोव्हज घालून मूठ फिरवणं मात्र छोटे लिव्हर शोधण्यापेक्षा सोपं. हात लहान असतील तर अजून एक बघा, ट्विस्टमुळे ब्रेक लिव्हर हँडलवर आतल्या बाजूला सरकतो, तो आखूड दोन बोटांचा असेल तर बोटं त्याच्या टोकाला नीट पोचतात का ते बसून तपासा.

बरं, पुढेही दोन-तीन चक्र्या असतील तर डाव्या हाताला दुसरा शिफ्टर येतो आणि दोन्ही हातांच्या दिशा उलट होतात, डाव्या शिफ्टरने केबल ओढली की जड आणि उजव्याने ओढली की हलका. शहरात पुढे एकच चक्री आणि मागे सात-आठ गियर हे पुरेसं असतं. डावा शिफ्टर नसला की हँडलवर घंटी आणि लाइटला जागाही मिळते. तीन चक्र्यांच्या सायकलीत ट्विस्टचा एक फायदा मात्र सांगायला हवा, डाव्या मुठीला बऱ्याचदा मधले बारीक क्लिक असतात, त्यामुळे चेन पुढच्या डिरेलरला घासत असेल तर किंचित सरकवून आवाज घालवता येतो.

देखभालीत दोघांचं वेगवेगळं आहे. ट्रिगर आत बारीक स्प्रिंग आणि खटक्यांनी भरलेला असतो. सायकल बरेच महिने पडून राहिली की कारखान्यातलं ग्रीस घट्ट होतं, मग लिव्हर दाबला तरी गियर लागत नाही, नुसता पोकळ जातो, आणि लोक शिफ्टर गेला म्हणून नवीन आणतात. आधी आत डीग्रीझर, म्हणजे ग्रीस विरघळवणारं द्रव, किंवा पातळ स्प्रे मारा, लिव्हर दोन्ही बाजूंनी खूप वेळा दाबत राहा, बऱ्याचदा तो जिवंत होतो, मग थोडं हलकं तेल सोडा. फिरणाऱ्या मुठीत भाग कमी असतात पण बहुतेक प्लॅस्टिक, तिथे हाताला येईल ते ग्रीस लावू नका, प्लॅस्टिकला चालणारंच घ्या. आणि शिफ्टर जड झाला असं वाटलं तर दोन्ही प्रकारांत पहिला संशय केबलवर घ्या. पाणी आणि धूळ बाहेरच्या नळीत शिरून केबल अडकते, नवीन आतली केबल आणि नवीन नळी टाकली की कडक वाटणारा शिफ्टर एकदम मऊ चालतो. गियर लागताना नुसता खरखर करत असेल तर बॅरल अ‍ॅडजस्टर, म्हणजे केबलच्या टोकाशी तिचा ताण कमीजास्त करणारा छोटा स्क्रू, अर्धा फेरा फिरवून बघा.

असलेल्या सायकलीवर प्रकार बदलायचा असेल तर मागे जितके गियर तितक्याच गियरचा शिफ्टर हवा आणि तो तुमच्या डिरेलरशी जुळणारा हवा, कारण एका क्लिकला किती केबल ओढली जाते हे प्रत्येक कंपनीचं सारखं नसतं. स्रॅमचे काही ट्विस्ट शिमानोच्या डिरेलरसाठीच बनवलेले असतात तर काही फक्त स्वतःच्याच डिरेलरवर चालतात, खोक्यावर वाचून घ्या. ट्विस्टवरून ट्रिगरवर जाताना हँडलच्या ग्रिपही बदलाव्या लागतात, कारण ट्विस्टसोबतच्या ग्रिप आखूड असतात आणि शिफ्टर काढला की हँडलचा तेवढा तुकडा उघडा पडतो. ब्रेक लिव्हर आणि ट्रिगर एकत्र जोडलेले सेटही मिळतात, ते मी टाळते, कारण एक बिघडलं की दोन्ही बदलावे लागतात, आणि उद्या हायड्रॉलिक ब्रेक बसवायचे झाले तर शिफ्टरही काढावा लागतो. सुटे घेतले की ब्रेक आणि ट्रिगर एकमेकांपासून हवे तितके सरकवून आपल्या अंगठ्याच्या मापाने लावता येतात. फिक्स करताना बोल्ट आधी सैलच ठेवा, सायकलवर बसून बोटं ब्रेकवर ठेवा, अंगठा न ताणता लिव्हरवर पोचतोय त्या कोनात आणा, आणि मगच आवळा.