एका सहीसाठी अडकलेलं कोविडचं कर्ज

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांचं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतं, आम्ही मशीनिंग करून परत पाठवतो. २०२० साली केंद्र सरकारने लघुउद्योगांसाठी तातडीच्या कर्जाची हमी योजना आणली, ईसीएलजीएस म्हणतात ती. तिचं कर्ज आम्हाला मिळालं. पण ज्या एका सहीपायी ते अडकून पडलं, तिचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

योजना चांगली होती, हे आधी सांगतो. २९ फेब्रुवारी २०२० ला बँकेची जेवढी बाकी होती, तिच्या २० टक्के जादा कर्ज. नवीन तारण नाही, प्रोसेसिंग फी नाही, आणि बँकेला ९.२५ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नव्हतं. मुदत चार वर्षं. बुडालंच, तर त्या रकमेची शंभर टक्के हमी नॅशनल क्रेडिट गॅरंटी ट्रस्टी कंपनीची. आमची बाकी १८ लाख होती, म्हणजे ३ लाख ६० हजार मिळणार होते.

गरज नड म्हणावी अशीच होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ या नव्या प्रदूषण-मानकाच्या गाड्याच विकायच्या असा नियम आला, त्यामुळे जुन्या पार्टच्या ऑर्डरी आधीपासूनच आटल्या होत्या. नव्या पार्टसाठी तो पकडायचे फिक्स्चर आणि मापं तपासायचे गेज करून घेतले, त्यात हातातले पैसे गेले, आणि लगेच लॉकडाउन लागला. पोरांचे पगार थोडे थोडे देत होतो.

बँकेचा मेसेज आला, संमतीपत्र दिलं, जीएसटीचा दाखला दिला, मंजुरीही आली. इथवर काही अडलं नाही. मग शाखेतल्या साहेबांनी फाइल उघडली आणि म्हणाले, "भागीदारी फर्म आहे ना? दोघांनाही घेऊन या. सह्या आमच्यासमोर झाल्या पाहिजेत."

दुसरा भागीदार म्हणजे माझा चुलतभाऊ, आमचा दादा. तो चंदगड तालुक्यातल्या गावी राहतो आणि पाडव्याला घरीच होता. त्या वर्षी पाडवा आणि देशभरच्या लॉकडाउनचा पहिला दिवस एकच, २५ मार्च. गाव महाराष्ट्रात, शॉप कर्नाटकात. एरवी तो सकाळी जेवणाचा डबा घेऊन निघायचा आणि शिफ्टच्या आधी पोचायचा. आता सीमेवरच्या शिनोळीच्या रस्त्यावर बॅरिकेड लागले होते आणि आडवाटांवर मातीचे ढीग टाकले होते. कर्नाटक सरकारच्या सेवासिंधू पोर्टलवर पास काढला असता, तरी महाराष्ट्रातून येणाऱ्याला जूनमध्ये सात दिवस संस्थात्मक विलगीकरण आणि मग पुन्हा घरी राहणं होतं. काका अंथरुणाला खिळलेले. त्यांना टाकून दादा एका सहीसाठी इतके दिवस कुठे राहणार?

मी कागद घेऊन बॅरिकेडपर्यंत गेलो. दादा पलीकडे मोटारसायकल लावून उभा होता. तिथल्या हवालदाराने कागद इकडून तिकडे द्यायला हरकत घेतली नाही. दादाने टाकीवर कागद ठेवून प्रत्येक पानावर सही केली. बँकेकडे असलेल्या नमुन्याशी ती सही तंतोतंत जुळत होती. साहेबांनी ती पाने चाळली आणि परत माझ्याकडे सरकवली. "आमच्यासमोर झालेली नाही, चालणार नाही."

मी म्हटलं, त्याच बँकेची शाखा चंदगडकडेही आहे, तिथल्या मॅनेजरसमोर सही करून चालेल का? "तशी प्रोव्हिजन नाही." मग व्हिडिओ कॉलवर? तेही नाही. बॉर्डर उघडेपर्यंत थांबा, एवढंच उत्तर. बॉर्डर कधी उघडणार, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दर खेपेला तेच ऐकून परत येताना माझ्या अंगाची आग व्हायची. सरकार पूर्ण हमी घेऊन उभं आहे, पैसे मंजूर आहेत, आणि माझा लेथवरचा माणूस फोन करून विचारतोय, "मालक, या महिन्याचं काय?"

शेवटी मी साध्या कागदावर अर्ज लिहिला: दुसऱ्या शाखेत सही घ्यायला परवानगी द्या, नसेल देता येत तर कारण लेखी द्या. पोच म्हणून शिक्का मारून घेतला आणि एक प्रत विभागीय कार्यालयाला पाठवली. त्यानंतर शाखेतूनच फोन आला की चालेल. दादा चंदगडकडच्या शाखेत गेला, तिथल्या बाईंनी आधार, पॅन पाहून समोर सह्या घेतल्या, शिक्का मारला आणि कागद बँकेच्याच टपालाने इकडे पाठवले. तासाभराचं काम! ज्या दिवशी खात्यात पैसे दिसले, त्या दिवशी मी पहिल्यांदा पगार दिले, मग कूलंट आणि टूलवाल्याची उधारी.

२४ ऑगस्टला कर्नाटकाने पास, तपासणी, विलगीकरण सगळं काढून टाकलं. त्या आशेवर बसलो असतो, तर तोवर माझी दोन माणसं गावाला निघून गेली असती.

म्हणून ज्यांचा भागीदार किंवा भाऊ सीमेच्या पलीकडे राहतो (आपल्याकडे अशी घरं पुष्कळ आहेत), त्यांनी बँकेच्या कामासाठी एकमेकांच्या नावे नोंदणीकृत मुखत्यारपत्र आत्ताच करून ठेवा आणि बँकेला दाखवून घ्या. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. लिहून मागा, पोच घ्या.

आणखी एक राहिलं. या कर्जाला पहिल्या वर्षी हप्ता नाही असं शाखेत सांगायचे, पण ती सूट मुद्दलापुरती होती. व्याज दर महिन्याला कापलं जायचं. आमचं सुरुवातीला पावणेतीन हजारांच्या आसपास जायचं. दुसऱ्या वर्षापासून ३६ हप्ते, मुद्दलाचे दहा हजार आणि वर व्याज. असं कुठलंही कर्ज असेल तर खात्यात तेवढी शिल्लक ठेवा, नाहीतर ओव्हरड्यू दिसतं आणि सीसीच्या (कॅश क्रेडिट खात्याच्या) नूतनीकरणाला तेच कारण पुढे करतात.